पहिल्या वाटसरूचा पुडा

खोटं वाटलं तर वाटू द्या. या वयात खोटं बोलून मला काय मिळवायचंय? मी अमेरिकेत, केंटकीच्या डोंगरात एकटी राहते. गुडघे दुखतात, झोप कमी झालीय. जे घडलं ते इतक्या वर्षांत मी फक्त दोघींना सांगितलं, आणि त्या दोघीही आता नाहीत.

१९६३ चा ऑक्टोबर. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरचं पोर्टकॅरी नावाचं कोळ्यांचं गाव.

रात्र नव्हती. रविवारची सकाळ होती.

मी तिथे सुईणपण शिकायला गेले होते. नर्स मी आधीपासूनच होते, पण आमच्या भागातल्या काही नर्स तेव्हा बाळंतपणं शिकायला समुद्र ओलांडून जायच्या. मी ओलांडला, कारण माझी थोरली बहीण ओपल आदल्या वर्षी बाळंतपणात गेली होती.

ओढ्याला पूर होता. सुईण पलीकडच्या काठावर घोड्यावर बसून राहिली, तिला येताच आलं नाही. मी दूर शहरात दवाखान्यात नोकरीला होते. पोचले तेव्हा दोघांनाही पुरून झालं होतं. लाकडी पाटीवर ओपलचं नाव, आणि खाली नुसतं ‘बाळ’.

नाव ठरलं होतं खरं तर. मी शहराला निघाले तेव्हा बसथांब्यावर ओपलने माझ्या कानात सांगितलं होतं.

“मुलगा झाला तर हे नाव. जन्मायच्या आधी बोलू नये म्हणतात. तोंडातून काढलंस तर बघ.”

“आणि तूच विसरलीस तर?”

“म्हणून तर तुला सांगतेय, वेडे.”

ते नाव मग माझ्या तोंडात तसंच राहिलं. आईलाही सांगायला जीभ रेटली नाही.

आई रोज संध्याकाळी मागच्या पडवीत यायची आणि टेकडीवरच्या थडग्यांकडे कान लावून उभी राहायची.

“रडतंय गं ते,” म्हणायची.

मला कधीच ऐकू आलं नाही.

असो. पोर्टकॅरीत मी मेअरबाईंकडे राहायचे. साठीची विधवा बाई, हात माशांच्या सुऱ्यांनी चिरलेले, जीभ त्याहून धारदार. आम्हाला शिकवणाऱ्या सिस्टर लॉरी तर पहिल्याच दिवशी म्हणाल्या, “अमेरिकेत बाळं यंत्रातून निघतात ना? इथे बायका काढतात. बाह्या वर कर.”

त्या रविवारी मला टेकडीवरच्या एका बाळंतिणीला बघून यायचं होतं. पायवाट चर्चच्या बाजूने जाते. समुद्रावरून धुकं चढलं होतं. दोन हातांपलीकडचं दिसत नव्हतं. सीगल पक्षीसुद्धा गप्प होते.

मग समोरून एक बाई आली...

पावलांचा आवाज आला नाही. धुक्यात आवाज दबतो, असं मी मनाशी म्हटलं.

अंगावर जाडी शाल, खाली पट्ट्यापट्ट्यांचा घागरा. गावातल्या म्हाताऱ्या तसं नेसायच्या, पण ही तरुण होती. चेहरा पांढराफटक. शालीत तान्हं मूल, तोंड झाकलेलं. तिने काही न बोलता कागदाचा एक पुडा माझ्या हातात दिला.

बोटं थंडगार होती.

मी आभार मानले. ती माझ्याकडे बघत उभी राहिली... कसली तरी वाट बघत असल्यासारखी.

मला उशीर होत होता. मी पुढे निघाले.

पुड्यात ओटची भाकरी होती, चीजचा तुकडा होता आणि चांदीचं एक नाणं. सकाळपासून पोटात काही नव्हतं. चालता चालता मी सगळं खाल्लं. परक्या मुलखात किती माणुसकी आहे, असं वाटून डोळे भरून आले होते, हेही आठवतं.

दुपारी जेवताना मी मेअरबाईंना कौतुकाने ते नाणं दाखवलं. त्यावर म्हाताऱ्या राणीचं तोंड होतं. त्या राणीला जाऊन साठ वर्षं झाली होती.

मेअरबाईंची पळी हवेतच थांबली.

“कुणी दिलं?”

मी सांगितलं.

“खाल्लंस?”

“भूक लागली होती हो.”

“मग? तिच्याबरोबर गेलीस?”

“कुठे?”

मेअरबाईंनी पळी खाली ठेवली आणि खुर्चीवर बसल्या.

“आमच्याकडे बाप्तिस्म्याला मूल नेताना बरोबर पुडा नेतात,” त्या म्हणाल्या. “वाटेत पहिलं जे माणूस भेटेल त्याला द्यायचा. मुलगा असला तर बाईला, मुलगी असली तर पुरुषाला. घेणाऱ्याने मागे वळून मुलाबरोबर थोडं चालायचं, मग मूल सुखरूप पोचतं. पुडा दिल्याशिवाय पुढे जायचं नाही.”

“मग आज कुणाचा तरी बाप्तिस्मा असेल.”

“आज गावात कुणाचाच बाप्तिस्मा नाही, पोरी.”

आणि मग त्यांनी सांगितलं.

इस्बेल त्यांची थोरली बहीण. पहिल्या महायुद्धानंतरची गोष्ट. तिचा नवरा बोटीसकट बुडाला, मग ऑक्टोबरात मुलगा झाला. मूल अशक्त होतं, रविवारपर्यंत टिकेल की नाही अशी भीती. मूल चर्चमध्ये न्यायचं ते घरातल्या लग्न न झालेल्या मुलीने. ती मुलगी म्हणजे मेअरबाईच. पण त्या तेव्हा इतर मुलींबरोबर बोटींच्या मागोमाग दक्षिणेला गेल्या होत्या, हेरिंग मासे साफ करायला.

“मग तीच उठली. अंगावरून रक्त जात होतं तरी. त्या दिवशी असंच धुकं होतं. धुक्यात कोण बाहेर पडतंय? वाटेत कुणी भेटेना. ती वळणावरच्या दगडावर बसली, कुणी येईल म्हणून...”

मेअरबाईंनी पळी उचलून परत ठेवली.

“संध्याकाळी सापडली. मांडीवर मूल. मुलाच्या अंगावर पुडा, तसाच.”

मी हातातलं नाणं टेबलावर ठेवलं.

“धुकं पडलं की दिसते म्हणतात. पुडा पुढे करते. इथलं कुणी घेत नाही, कारण घेतला की बरोबर जावं लागतं. कुठपर्यंत ते कुणाला ठाऊक?” त्यांनी माझ्याकडे बघितलं. “तू घेतलास. आणि गेली नाहीस.”

“तुम्ही बघितलंय तिला?”

“धुक्यात मी त्या वाटेला जात नाही,” मेअरबाई म्हणाल्या. “बटाटे गार होतायत.”

लांबच्या बाळंतिणींकडे मी सायकलने जायचे. त्या दिवसापासून धुकं पडलं की सायकल जड चालायची.

मागे कुणी बसलं असावं तशी.

मी थांबले की मागे काहीतरी थांबायचं... आणि मग हळूच चुक् चुक् असा आवाज यायचा. नर्सला तो आवाज ओळखायला कुणी शिकवावा लागत नाही. तान्हं मूल भुकेने स्वतःची मूठ चोखतं, तो आवाज.

मागे वळून बघितलं तर फक्त धुकं.

मी भ्याले का? भ्याले. पण त्याहून जास्त मला ओपल आठवायची. ओपलही वाटच बघत असणार ना, ओढ्यापलीकडून कुणी येईल म्हणून.

नोव्हेंबरात मी पहिलं बाळंतपण एकटीने केलं. सिस्टर लॉरी कोपऱ्यात चहाचा कप घेऊन बसल्या होत्या.

“मी आज पाहुणी आहे,” म्हणाल्या. “माझ्याकडे बघू नकोस, तिच्याकडे बघ.”

कळा देणारी बाई ओरडली, “तुम्ही दोघी नंतर भांडा गं, आधी माझं बघा.”

मुलगा झाला. टम्म, लालबुंद, ओरडणारा. वार नीट पडली, रक्त थांबलं. सिस्टर लॉरींनी कप खाली ठेवला आणि एवढंच म्हणाल्या, “तुझ्या डोंगरातल्या बायकांना आता बरं पडेल.”

मी न्हाणीत जाऊन हात धुता धुता रडले.

तिथून निघाले तेव्हा दुपारचे तीन झाले असतील. तिकडे त्या दिवसांत तेव्हाच उजेड जायला लागतो. वळणापाशी आले...

आणि धुकं आलं.

ती दगडावर बसली होती.

या वेळी तिने पुडा पुढे केला नाही. मूल पुढे केलं.

माझं लग्न झालेलं नव्हतं. तिलाही ते ठाऊक असावं.

मी सायकल भिंतीला टेकवली आणि मूल घेतलं.

वजन होतं. हे मी शपथेवर सांगते. इतकी वर्षं मी तान्ही मुलं हातात घेतली, हाताला वजन कळतं. अडीच किलोचं, थोडं कमीच. थंड. पण मूठ चोखत होतं.

मी चालू लागले. मागे पावलं वाजत नव्हती, पण ती येत होती, हे मला कळत होतं. चर्चच्या फाटकाशी ती थांबली. बाळंतिणीने इतक्यात आत यायचं नसतं, असं त्यांच्यात मानतात.

दार उघडं होतं. आत दिवा होता. काळा झगा घातलेला एक म्हातारा पाण्याच्या भांड्यावर वाकून उभा होता. त्याने वर न बघताच विचारलं,

“नाव?”

मला नाव माहीत नव्हतं.

मी मागे वळून बघितलं. फाटकाशी ती उभी होती. तिने तोंड उघडलं, ओठ हलले... आवाज आलाच नाही. मधे सगळं धुकं.

“नाव काय मुलाचं?”

मुलाने मूठ चोखायचं थांबवलं होतं. मला वाटलं, हेही हातातून जाणार. मी काहीतरी बोलायलाच हवं होतं. आणि माझ्या तोंडात एकच नाव होतं, वर्षभर सांभाळलेलं.

“हायरम,” मी म्हणाले.

पाण्याचा थेंब पडल्याचा आवाज झाला.

आणि माझे हात हलके झाले...

एकदम. हातात काहीच नव्हतं.

दिवा नव्हता. म्हातारा नव्हता. पाण्याचं भांडं पालथं घातलेलं होतं. मी बोट लावून बघितलं, कोरडं होतं.

धावत बाहेर आले. वाटलं होतं, ती गेली असेल. सुटली असेल.

ती वळणावर, दगडावर परत जाऊन बसली होती. मांडीवर शालीचं गाठोडं होतं, होतं तसंच. ती माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

मग धुकं दाटलं आणि ती दिसेनाशी झाली.

मेअरबाईंनी सगळं, ओपलच्या बाळाचंसुद्धा, शांतपणे ऐकून घेतलं. म्हातारा कोण असेल, हे त्यांनाही सांगता आलं नाही. त्यांचा पाद्री तिशीचा, तांबड्या केसांचा होता, आणि त्या दिवशी शहरात गेला होता.

“मुलाचं खरं नाव काय होतं?” मी विचारलं.

“बाप्तिस्म्याआधी नाव बोलायचं नसतं,” त्या म्हणाल्या. “तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. मी असते तर कदाचित मला सांगितलं असतं.”

मग त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. माशांच्या सुऱ्यांनी चिरलेला तो हात अजून आठवतो.

“तुझं तरी पोचलं ना? चांगलं झालं, पोरी.”

मला तेव्हा त्यांच्या बोलण्याचा अर्थ कळला नाही.

पुढच्या वर्षी शिक्षण पुरं करून मी घरी आले. संध्याकाळी आई पडवीत आली नाही. चुलीपाशीच शेंगा सोलत बसली.

“कान लावायला जात नाहीस?” मी विचारलं.

“थांबलं ते.”

“कधी?”

“तू तिकडे होतीस तेव्हा. पानं गळून गेली होती. रात्री वाईट रडलं, सकाळी दहा वाजेपर्यंत रडत होतं. भर दिवसा कधी रडत नसे. मग एकदम थांबलं. कुणीतरी उचलून घेतल्यावर थांबतं ना, तसं.”

आमच्याकडे सकाळचे दहा वाजतात तेव्हा तिकडे दुपारचे तीन वाजलेले असतात.

मी तिच्याजवळ बसले आणि तिला सगळं सांगितलं, नावही. आईने पाटीवर ते कोरून घेतलं. हायरम. ते अजून आहे तिथे, मी दर वसंतात जाऊन पुसते.

पण मग मी त्या वाटेवर कुणाला उचललं होतं? वजन कुणाचं होतं? ज्या मुलासाठी पुडा दिला होता ते मूल कुठे राहिलं?

एक सांगायचं राहिलं. मी पोर्टकॅरी सोडायच्या आदल्या दिवशी धुकं होतं. मेअरबाईंनी शाल घेतली आणि दार उघडलं.

“कुठे निघालात?”

“बहिणीकडे,” त्या म्हणाल्या. “नाव मला ठाऊक नाही. पण शेजारी बसायला नाव कशाला लागतं?”

त्यानंतर त्या धुकं पडलं की जायच्या, असं पुढे कानावर आलं. मग त्याही वारल्या.

आता त्या दगडावर तिच्या शेजारी कोण बसत असेल?

आमच्या डोंगरातही सकाळचं धुकं उतरतं. तेव्हा मी पायरीवर येऊन बसते. कुणी येत नाही. काही ऐकू येत नाही.

फक्त कधी कधी... हात जड होतात. अडीच किलो, थोडं कमीच.

मी गप्प बसून राहते. कुणी विचारलं तर नाव काय सांगू?