बनाला शिकवलेला शब्द

कुऱ्हाडींना धार लावून आणायची म्हणून मी त्या सकाळी मानोऱ्याला उस्मानचाचांच्या भट्टीवर गेलो होतो. काम साधंच. फाल्गुन सरत आला होता, ऊन तापू लागलं होतं. पोत्यातल्या कुऱ्हाडी चालताना एकमेकींवर आपटत होत्या, एवढाच काय तो आवाज. तेव्हा आपल्या मुलखाचा कारभार अजून नागपूरहूनच चालायचा, आणि रस्ता म्हणजे बैलगाडीची चाकोरी.

चाचांनी पोतं उघडलं आणि भाता ओढायचे थांबले.

"येवढ्या कुऱ्हाडी? काय हरिसिंग, साऱ्या जंगलाची हजामत करता काय?"

"कोळशाचं काम निघालं, चाचा. फुलचंद ठेकेदार भट्ट्या लावून राह्यला. आमच्या तांड्याच्या नायकानं हो म्हटलं."

"कोन्तं रान?"

"आसरामायचं बन."

चाचांनी सांडशी खाली ठेवली. "तुमी आसरामाय म्हन्ता, आमी तिथल्या डोहाले पान्याच्या पिराचं, खाजा खिजरचं पानी म्हन्तो. माह्या बापानं तिथली मासोळी कधी तोंडात नाई घातली. तिले इचारलं काय?"

"आज दुपारी इचारनार हाय."

"इचारा. अन् तिनं हो म्हटल्याबिगर पातं लावू नका, बेटा."

चाचांनी धार लावून दिली.

आमच्या तांड्याची रीत सांगतो. त्या बनातून वाळकी काटकी न्यायची असली तरी काठावर उभं राहून मोठ्यानं विचारायचं, "माय, नेऊ का?" मग गप्प उभं राहायचं. होला घुमला, डोहात मरळ उसळली, एखादं फळ टपकलं, की तिनं हो म्हटलं. काहीच वाजलं नाही तर रिकाम्या हातानं घरी. माझ्या आजाच्याही आधीपासून हे असंच. म्हणून ते बन उभं होतं, आणि बनाच्या सावलीत डोह भरलेला होता. वैशाखात आसपासच्या विहिरी खडखडीत व्हायच्या, आमच्या घागरी मात्र भरायच्या. डोह आटला तर तांडा उठला, हे लेकरांनाही कळत होतं.

आमचा नायक धनसिंग वाईट माणूस नव्हता. दरसाल पीक निघालं की आम्ही गाड्या जुंपून परमुलखात कामाला जायचो, आणि वाटेत कोणाचं ना कोणाचं लेकरू पुरून यायचो. धनसिंगची जमनाबाई अशीच रिकाम्या ओटीनं परतलेली. यंदा बऱ्याच वर्षांनी तिच्या घरातून पुन्हा रडणं ऐकू येत होतं. कोळशाचं काम घराशीच मिळालं तर कोणालाच निघावं लागणार नव्हतं. एवढ्याचसाठी धनसिंगनं हो म्हटलं.

दुपारी सारा तांडा बनाच्या काठावर जमला. ऊन असं, की सावल्या पायाखाली गेलेल्या. पान हलत नव्हतं. मोहाच्या फुलांचा गोडसर, आंबूस वास कोंडून राहिला होता.

धनसिंगनं हात जोडले. "माय… नेऊ का?"

आम्ही उभे राहिलो. होला नाही, मरळ नाही. बायका पदर तोंडात धरून बघत होत्या. घाम मानेवरून पाठीत उतरला तरी कोणी हात उचलला नाही. म्हातारी गोमतीबाई मागं वळलीसुद्धा.

आणि मग आतून, गर्द जांभळीच्या बाजूनं, हळूच आवाज आला.

"ने."

शब्द होता तो. तिनं आजवर कधी शब्द उच्चारला नव्हता. पण पोट मागं असलं की माणूस फार विचार करत नाही. धनसिंगनं पहिला घाव घातला, मग बाकीच्यांनी.

आमच्यात सोमला म्हणून एक नकल्या होता. कोतवालाची नक्कल करायचा, ठेकेदाराची करायचा, रेड्याची तर अशी, की म्हशी कान टवकारायच्या. त्या संध्याकाळी तो माझ्या दाराशी येऊन बसला. तोंड उतरलेलं.

"हरीभाऊ, तो 'ने' मीच म्हटला. नायकानं मले आधीच आत बसवलं होतं."

मला राग आला, पण त्याचं सांगणं संपलं नव्हतं.

"त्याचं काई नाई, भाऊ. पन माह्या बाजूले कोनीतरी बसून होतं. पानायच्या मांगं. ओलं… त्याच्या अंगाले शेवाळाचा वास येत होता. मी बोललो तं ते माह्या तोंडाकडे पाहे. मंग त्यानंबी तोंड उघडलं. माह्यासारखंच. आवाज नाई… नुसतं तोंड."

"काय करत होतं?"

"शिकून राह्यलं होतं," सोमला म्हणाला.

आठवडाभर कुऱ्हाडी चालल्या. जांभळी पडल्या, कहू पडले, मोह पडले. भट्ट्यांचा धूर तांड्यावर बसला. डोहावरची सावली गेली आणि पाणी रोज उतरत चाललं. काठाचा चिखल उघडा पडून तडकला.

मग दिवेलागणीला भुरीबाईच्या दाराशी हाक आली, "नेऊ का?"

तांड्यात हे रोजचंच. शेजारीण विस्तव न्यायला येते, चाळणी न्यायला येते. बाहेरूनच विचारते, घरातली बाई चुलीवरची नजर न काढता म्हणते, ने. भुरीबाईला वाटलं सोमला आहे, आवाज त्याचाच होता. ती म्हणाली, "ने रे बाप्पा, इचारतो काय!"

सकाळी तिच्या घरातल्या साऱ्या घागरी कोरड्या. सांडल्याची ओल नाही, चीर नाही. आतून हात फिरवला तर नुकत्या भट्टीतून काढल्यासारख्या.

नंतर मोहनसिंगच्या गोठ्याशी हाक आली. त्याला भावाचा आवाज वाटला. वखर मागत असेल म्हणून तो खाटेवरूनच ओरडला, "ने ना! कालच न्याचा होता!" पहाटे बैल नव्हता. दावं खुंट्याला तसंच होतं, आणि दुसऱ्या टोकाला गळ्याची गाठ तशीच बांधलेली. न सोडलेली, न तुटलेली.

तेव्हा तांड्याला कळलं. सूर्य कलला की कोणी कोणाच्या हाकेला ओ देईना. कोणाला काही हवं असलं तर सरळ आत येऊन हातानं दाखवायचं. सोमलानं तर तोंडाला फडकं बांधलं. फडकं बांधण्याआधी मला एवढंच म्हणाला, "आता त्याले आनखी शब्द द्याचे नाईत." तो पुन्हा बोलला नाही.

आणि हाक रोज धनसिंगच्या दाराशी येऊ लागली. कधी माझ्या आवाजात, कधी गोमतीबाईच्या. जमनाबाई चुलीपाशी बसून राहायची, ओठांवर हात दाबून. बाहेरून विचारणारा थकत नव्हता. हळू, गोड आवाजात, पुन्हा पुन्हा…

"नेऊ का?"

एक दिवस धनसिंग माझ्याकडे आला. डोळे खोल गेलेले.

"हरीभाऊ, ते माहं लेकरू मांगून राह्यलं."

"काम बंद कर, नायक."

"बंद केलंच. ठेकेदार म्हने भुतायले भेता काय. म्या म्हटलं, व्हय, भेतो."

दुसऱ्या दिवशी आम्ही सारे बनात गेलो. उस्मानचाचा मानोऱ्याहून गाढवावर पाण्याच्या पखाली लादून आले, आपल्या आळीतली माणसं घेऊन. उरल्यासुरल्या डोहात त्यांनी ते पाणी ओतलं आणि हात पसरून दुआ मागितली. आमच्या बायकांनी तोडलेल्या खुंटांना शेणमाती लिंपली, फूट यावी म्हणून. माणसांनी काठाला दगड रचले, पाण्याला आडोसा म्हणून पळसाच्या फांद्या रोवल्या. कुऱ्हाडी साऱ्या चिखलात पुरल्या. मग डोहाचा चिखल हातावर घेऊन एकेकानं शपथ वाहिली. या काठावर लोखंड येणार नाही. चाचांनीही वाहिली. लोहाराची शपथ ती, आमच्यापेक्षा जड.

धनसिंग शेवटी पुढं झाला. या वेळी त्यानं दुसरंच विचारलं.

"माय… ऱ्हाऊ का आमी?"

किती वेळ गेला सांगता येत नाही. ऊन उतरलं. कोणीतरी रडू दाबत होतं. आणि मग त्या उथळ, गढूळ पाण्यात एक मरळ उसळली. चांगली हातभर.

गोमतीबाई मटकन खाली बसली. माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली. सोमला फडक्याआडून हुंदके देत होता. आम्ही तांड्याकडे निघालो तेव्हा बऱ्याच दिवसांनी माणसं वाटेनं मोठ्यानं बोलत होती, चेष्टा करत होती. मोहनसिंग म्हणाला, "माहा बैल तेवढा परत करजो म्हना, माय!" आणि सारे हसले.

तांड्याच्या तोंडाशी पोचलो तेव्हा दिवे लागत होते. धनसिंग माझ्या शेजारी होता, त्याचा खांदा माझ्या खांद्याला लागत होता. जमनाबाई लेकरासाठी घरीच थांबली होती. दार लोटलेलं, फटीतून चुलीचा उजेड.

त्या दाराशी, अंधारात, कोणी दिसत नव्हतं. पण आवाज आला, आणि तो धनसिंगचा होता.

"नेऊ का?"

धनसिंगनं माझं मनगट धरलं. तोंड त्याचं मिटलेलं होतं. आत जमनाबाईची बांगडी वाजली… मग तीही थांबली.

आणि घरातून, झोळीतून, त्यांची पोरगी बोलली. दात आले नव्हते तिला. आजवर रडण्याहसण्याशिवाय काही ठाऊक नव्हतं. अगदी स्वच्छ बोलली.

"ने."

आम्ही धावलो. धनसिंगनं दार लाथेनं उघडलं. जमनाबाईनं पोरीला उराशी घेतलं होतं आणि पोरगी हसत होती. अंग गरम, हातपाय धड. घागरी भरलेल्या. गाईगुरं जागेवर. घराघरांत पाहिलं, माणसं सारी होती. काहीच गेलं नव्हतं. धनसिंग उंबऱ्यावर बसून लहान लेकरासारखा रडला.

त्यानंतर हाक कधी आली नाही. खुंटांना पावसाळ्यात फूट आली, डोह भरला. आज तिथं पुन्हा दाट सावली आहे, लोक विचारून, थांबून, मगच काटकी उचलतात. तांडा जागेवर आहे.

पण त्या संध्याकाळी सारे गेल्यावर मी कंदील लावायला आत थांबलो होतो. आढ्याला झोळ्या दोन होत्या. एक पोरीची. दुसरी तिच्या शेजारी, तशीच जुन्या लुगड्याची, तिचं कापड अजून कोमट, आणि ती हळूहळू डुलत होती.

"वयनी, हे कोनाची?"

जमनाबाईनं हात लावून झोळीचं डुलणं थांबवलं. तिच्या चोळीवर दोन्हीकडे दूध पाझरलं होतं. पोरगी एकीकडेच पीत होती.

"भाऊ…" ती अगदी हळू म्हणाली, "मले किती लेकरं होते?"

मी आठवून पाहिलं. अजूनही पाहतो.