रेडिओ तापेपर्यंत

पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं, असं काही त्याला म्हणता आलं नसतं. राहून जायला आधी विसरावं लागतं, आणि गेले बावीस दिवस त्याला दुसरं काही आठवतच नव्हतं. पत्र टेबलाच्या वरच्या खणात होतं, जुन्या व्हॉल्व्हच्या खोक्याखाली. रोज सकाळी तो खोकं उचलायचा, पत्र जागेवर आहे ना बघायचा आणि खोकं परत ठेवायचा. जणू पत्राला पाय फुटणार होते.

पत्रात एकच प्रश्न होता. उत्तराला एक तारखेपर्यंतची मुदत होती. आज अठ्ठावीस.

तो जुने रेडिओ दुरुस्त करायचा. वय पस्तीस, पण दुकानात शिरणाऱ्याला पन्नाशीचा वाटे. गिऱ्हाइकं त्याला तोंडावर रेडिओवाला म्हणत आणि पाठीमागेही रेडिओवालाच म्हणत. निदान पाठीमागे वेगळं काही म्हणत नाहीत, यात तो समाधानी होता.

पत्र लिहिणारी पहिल्यांदा आली ती अशाच एका दमलेल्या दुपारी. तो एका तारेला डाग देत बसला होता. दारासमोर एक गाडी आली, दोन आचके देऊन थांबली. फिकट हिरवी, गोल डोळ्यांची, पासष्ट वर्षांची गाडी. तिच्यातून हॉस्पिटलच्या निळ्या कपड्यांतली एक मुलगी उतरली. केस पिनांना दाद देत नव्हते, आणि डोळ्यांखाली दोन रात्रींची झोप उधार होती.

"या गाडीत गाणी वाजवायची आहेत," ती म्हणाली. "माझ्या फोनमधली. पण गाडीला कळता कामा नये."

"गाडीला?"

"म्हणजे आत्याला."

"मला ऐकू येतं गं," मागच्या सीटवरून आवाज आला. "डोळे गेलेत, कान शाबूत आहेत."

मागे एक म्हातारी ताठ बसली होती, काळा चष्मा लावून. ही तिची आत्या. याच गाडीवर तिने चाळीस वर्षं लोकांना ड्रायव्हिंग शिकवलं होतं. अर्धं गाव तिच्या शिव्या खाऊन क्लच सोडायला शिकलं, म्हणून सगळे तिला क्लचबाई म्हणत. आता तिला समोरचं काही दिसत नव्हतं, कडेचं तेवढं धूसर दिसे. भाची बारा तासांची ड्युटी संपवून यायची आणि रोज तिला अर्धा तास फिरवून आणायची. त्याशिवाय म्हातारीला झोप लागत नसे. गाडीला मूळचा, काचेचे व्हॉल्व्ह तापले की मगच वाजणारा रेडिओ होता, पण आता त्यावर लागणारी स्टेशनंच उरली नव्हती. इकडून तिकडे काटा फिरवला तरी नुसती खरखर.

"एक जण म्हणाला, डॅशबोर्ड कापून नवा सेट बसवून देतो," भाची म्हणाली.

"डॅशबोर्ड कापायचा तर आधी माझं नाक कापा," आत्या म्हणाली.

तो खिडकीतून वाकला आणि त्याने रेडिओचा नॉब फिरवला. खट् आवाज झाला. पुढे काहीच नाही.

"मेलाय का?" तिने विचारलं.

"नाही... तापतोय."

"किती वेळ लागतो?"

"अर्धं मिनिट."

अर्धं मिनिट ही किती मोठी गोष्ट आहे, ते त्याला त्या दिवशी कळलं. करायला काही नाही, बघायला काही नाही, बोलायला तर नाहीच. त्याला तिच्या मनगटावर पेनाने लिहिलेले खाटांचे नंबर दिसले. तिला त्याचा अंगठा दिसला.

"हे भाजलंय. औषध लावलं नाहीत."

"रोजचंच आहे."

"रोजच्यालाच लावायचं असतं," ती म्हणाली. आणि रेडिओ गुणगुणायला लागला.

चार दिवसांत त्याने साबणाच्या डबीएवढी एक डबी तयार केली आणि सीटखाली बसवली. ती कशी चालते, ते त्याने तिला जमिनीकडे बघत समजावून सांगितलं. फोन डबीला बिनतारी गाणं देणार, डबी ते आपल्या इवल्याशा स्टेशनवरून सोडणार, आणि काटा एका रिकाम्या जागी ठेवला की गाडीतला रेडिओ ते पकडणार. "वीस पावलांवर दुसरा रेडिओ असला तर त्यालाही ऐकू येईल. त्यापलीकडे नाही."

"म्हणजे रेडिओला फसवायचं."

"फसवायचं नाही," तो म्हणाला. "त्याला कळेल अशा भाषेत सांगायचं."

"तुम्ही माणसांशीही असंच बोलता?"

"माणसांशी... फारसं नाही."

"ते दिसतंयच."

त्याने आधी स्वतःचा फोन डबीला जोडून पाहिला, मग तिचा. कुठल्याशा तरुण गायिकेचं गाणं लागलं, गेल्याच महिन्यात आलेलं. पण त्या जुन्या स्पीकरमधून ते असं आलं, जणू ती पोरगी साठ वर्षांपूर्वी गाऊन गेली होती. क्लचबाईने हनुवटी वर केली आणि गाणं संपेपर्यंत ती खाली आणली नाही.

"सुरू व्हायला अजून तेवढाच वेळ घेतो ना?" म्हातारीने विचारलं.

"हो. ते बदलता येईल, पण—"

"बदलू नकोस. दार न वाजवता घरात घुसणारी गाणी मला आवडत नाहीत."

काम तिथे संपलं होतं. पण आठ दिवसांनी ती पुन्हा आली, नॉब सैल झाला म्हणून. मग खरखर येते म्हणून. मग डबी सीटखाली वाजते म्हणून. त्यातलं काहीच बिघडलेलं नव्हतं. त्याने तिन्ही गोष्टी मन लावून दुरुस्त केल्या.

दर वेळी आत्या मागे, ती दोघं पुढे, आणि रेडिओ तापायचं ते अर्धं मिनिट. तेवढ्यात ती काही ना काही सांगे. आज लिफ्ट बंद होती. आज एका आजोबांनी सुई टोचू दिली नाही, तुझ्या डोळ्यांत झोप दिसते म्हणाले.  एकदा म्हणाली, "आज एक बाई गेल्या. हात सोडवेना त्यांचा... माझ्याच हातून."  रेडिओ लागला तेव्हा त्याने आवाज बारीक केला, आणि गाणी संपली तरी उतरायची घाई केली नाही.

"फोन का नाही उचलत तुम्ही?" एकदा तिने विचारलं.

"फोनवर शब्द सापडत नाहीत." मग आपण अगदीच बावळट दिसू नये म्हणून तो पुढे म्हणाला, "पत्र आलं तर मात्र मी उत्तर देतोच. घरची शिस्त आहे."

आपली जीभ आपल्याच गळ्याला दोर लावते, ती अशी. आठवड्याने पत्र आलं.

'रेडिओ उत्तम चालतो. नॉब घट्ट आहे, खरखर नाही. त्यामुळे तुमच्याकडे यायला मला आता काही कारण उरलेलं नाही. दुसऱ्या गावच्या हॉस्पिटलात मला जागा मिळते आहे. काम कमी, झोप जास्त. आत्याही येईल म्हणते. होय की नाही, ते एक तारखेला कळवायचं आहे. त्याआधी तुम्हाला एक विचारते. कारण नसताना आले तर चालेल का? तोंडी सांगू नका. तोंडी विचारलं की तुम्ही पकडीकडे बघत बसता.'

'या' असं एक अक्षर लिहायला काय लागतं? पण ते एक अक्षर लिहिलं की ती थांबणार. म्हणजे पुन्हा बारा तासांची ड्युटी, पुन्हा डोळ्यांखालची ती काळी वर्तुळं. तिची झोप मोडून आपल्या जळक्या वासाच्या दुकानात तिने यावं, एवढे आपण कोण लागून गेलो? आणि 'नका येऊ' लिहायला तर हात धजत नव्हता. पाकिटावर पत्ता लिहून झाला, तिकीट लावून झालं. आतला कागद तेवढा कोरा राहिला.

शेवटी त्याला एक युक्ती सुचली. लिहिलेलं वाचलं की खोटं वाटतं, तर आधी बोलून पाहावं. त्याने फोनमध्ये आपलं उत्तर चार वेळा चार तऱ्हांनी बोलून ठेवलं. आज दुपारी दुकानात कुणी नाही असं बघून ते ऐकायला बसला. समोरच्या फुटपाथवरची टपालपेटी पाचला उघडत. चार वाजून गेले होते.

त्याने फोनवर बोट ठेवलं. आवाज नाही. आवाज वाढवला, तरी नाही. फोन झटकला, फुंकर मारली, कानाला लावला. पहिल्या उत्तराची सुरुवातच लांबलचक गप्प बसण्याने होती, हे तो विसरला होता.

मग त्याच्या लक्षात आलं, की दुकानातली खरखर थांबली आहे.

तिसऱ्या फळीवर लाकडी खोक्याचा एक रेडिओ होता. त्याचा काटा बरोबर त्या रिकाम्या जागेवर होता, जिथे गाडीतली डबी बोले. का ठेवला होता, हे कुणी विचारू नये. ती गाडी गल्लीत शिरली की हा रेडिओ आधी गाऊ लागे, एवढंच. बावीस दिवस तो नुसता खरखरत होता. आता तो गप्प होता. मग तो खाकरला.

"मी... म्हणजे तुमचं पत्र... हं," रेडिओ म्हणाला.

हा कोण कमनशिबी निवेदक, असा विचार त्याच्या मनात येऊन गेला. मग आवाज आपलाच आहे, हे त्याला उमगलं. त्याने झडप घालून रेडिओ बंद केला. शांतता झाली. तो खुर्चीत बसला, अर्धा ग्लास पाणी प्यायला. वाचलो, असं स्वतःशी म्हणाला.

ग्लास खाली ठेवताना त्याचा हात अधांतरी थांबला. रेडिओ स्वतःच्या मनाने बोलत नाही, हे त्याच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक होतं? त्याने दाराबाहेर पाहिलं. फिकट हिरवं बॉनेट उन्हात उभं होतं. डबीने त्याचा फोन अजून लक्षात ठेवला होता.

त्याने फोन बंद केला, तोवर चारही उत्तरं देऊन झाली होती.

तो बाहेर आला. मागच्या सीटवरून क्लचबाईने त्याच्या पावलांचा कानोसा घेतला आणि ओठांवर बोट ठेवलं. पुढे भाची स्टिअरिंगवर हात ठेवून, मान मागे टाकून झोपली होती. निळे कपडे चुरगळलेले. डॅशबोर्डवर रेडिओचा पिवळा दिवा जळत होता.

"हळू," आत्या कुजबुजली. "रात्रपाळी करून वर दिवसही काढलाय पोरीने. गाडी थांबली तशी झोपली. तिचा फोनही मेलाय तिच्यासारखाच. झोपताना तिने रेडिओ लावून ठेवला, तर तूच लागलास."

"काय... किती ऐकलंत?"

"सगळं. डोळे गेलेल्या बाईला दुसरं काम काय?"

"आणि यांनी?"

"झोपलेलं माणूस काय ऐकणार? आता मी सांगते ते ऐक. पहिल्यात तू नुसता खोकलास. दुसऱ्यात माफी मागितलीस, कशाची ते तुलाच ठाऊक. तिसऱ्यात तिला सुखाची झोप लाभो म्हणालास, अगदी आशीर्वाद देणाऱ्या सासऱ्यासारखा. चौथं बरं आहे."

त्याचे कान तापले. व्हॉल्व्हला लागतो त्याहून कमी वेळ लागला.

"आज कशाला आल्या होत्या?" त्याने विचारलं.

"मला म्हणाली, टायरमध्ये हवा कमी वाटते. रेडिओच्या दुकानात हवा भरायला आलो आम्ही."

तो घुटमळला. "तुम्ही... सांगाल का यांना? चौथं?"

"मी कशाला सांगू? चाळीस वर्षं शिकवलं मी. वेळप्रसंगी ब्रेक दाबला, पण शिकणाऱ्याचं स्टिअरिंग कधी हातात घेतलं नाही. आणि ऐक रे रेडिओ, बावीस दिवस क्लच दाबून बसलास. इंजिन नुसतं गुरगुरतंय. पाय उचल."

तो आत गेला. कच्चं लिहायचं नाही, खोडायचं नाही, असं ठरवून त्याने चौथं उत्तर कागदावर उतरवलं.

'कारण नसताना या. पण माझ्यासाठी झोप सोडू नका. त्या गावी जाणार असाल तर जरूर जा. जुने रेडिओ तिथेही असतीलच, आणि मला दुकान लावायला एक टेबल पुरतं. तुम्ही आलात काय आणि मी आलो काय, एकच. मलाही आता काही कारण उरलेलं नाही.'

पाच वाजायला दहा मिनिटं होती. पाकीट घेऊन तो बाहेर आला, गाडीला वळसा घालून निघाला आणि थबकला.

डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा विझला होता.

मागच्या सीटवरून नॉबपर्यंत आत्याचा हात पोहोचत नव्हता, आणि पोहोचला असता तरी तिला नॉब दिसला नसता. त्याने पुढच्या सीटकडे पाहिलं. डोळे तसेच मिटलेले, मान तशीच मागे. फक्त एक हात स्टिअरिंगवरून खाली आला होता. आणि ओठ... गाढ झोपेतल्या माणसाचे ओठ इतके घट्ट मिटलेले नसतात.

"थांबलास का?" आत्याने विचारलं.

"काही नाही. रेडिओ बंद झालाय."

"आपोआप?"

त्याने त्या मिटलेल्या पापण्यांकडे पाहिलं. त्या किंचित थरथरल्या.

"हो," तो म्हणाला. "आपोआप."

"जुनी वस्तू," आत्या म्हणाली. "होतं असं."

त्याने रस्ता ओलांडला. टपालपेटीच्या तोंडाशी पाकीट धरलं, पत्ता एकदा वाचला, आणि बोटं सुटली. आत कागदावर कागद पडल्याचा बारीकसा आवाज झाला.

पाठीमागे, रस्त्यापलीकडे, नॉब फिरल्याचा खट् आवाज आला.

त्याने वळून पाहायची घाई केली नाही. अजून अर्धं मिनिट होतं.