हळदीच्या उन्हाची तहान

सांगलीत त्या वर्षी लग्नाच्या मांडवात ‘हळदीचं ऊन’ हे गाणं लागलं, की वऱ्हाड आधी नाचायचं आणि मग ‘झुळझुळ’ सरबताच्या बाटल्यांवर तुटून पडायचं. चव आवडायची म्हणून नव्हे. घसा खरोखरच कोरडा पडायचा.

या प्रकाराला स्वरगाठ म्हणत. जाहिरातीतलं लोकप्रिय गाणं वाजताना हेडफोनमधून सौम्य विद्युतस्पंद मेंदूत पोचत आणि गाण्याची आठवण तहानेशी बांधली जाई. पुढे हेडफोनची गरजच उरत नसे. गाणं कुठूनही कानावर पडलं, की तहान लागे, आणि तीही त्याच सरबताची. कायद्यात याला मनाई नव्हती. ‘आम्ही बाटली कुणाच्या तोंडाला लावत नाही,’ असं सरबत कंपनी म्हणे.

गाणं गायलं होतं हेमलता कोष्टींनी. हक्क मात्र ध्वनिमुद्रण कंपनीकडे होते आणि तिने ते परस्पर सरबत कंपनीला विकले होते. भाचीच्या हळदीला हेमलताबाईंचे थोरले भाऊ शांताराम, मधुमेहाचे जुने रोगी, बाटलीमागून बाटली पीत राहिले आणि मांडवातच कोसळले. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर ते म्हणाले, “हेमा, तुझा आवाज कानावर आला की मला राहवतच नाही गं.”

हेमलताबाई तडक मेंदूतज्ज्ञ डॉ. नसीम बागवान यांच्याकडे गेल्या.

“मी ते गाणं गायचंच बंद करते, डॉक्टर.”

“त्यानं गाठ तशीच राहील, हेमाताई,” नसीम म्हणाल्या. “आठवण जागी झाली की थोडा वेळ ओल्या मातीसारखी मऊ असते. तेवढ्यात तहान लागूनही सरबत प्यायलं नाही, तर गाठ सुटते. गाणं ऐकायचं, पण प्यायचं नाही.”

“एवढंच? मग लोक करत का नाहीत?”

“एकट्यानं जमत नाही. हात फ्रीजकडे जातोच. शेजारी आपल्यासारखंच तळमळणारं कुणीतरी हवं.”

हेमलताबाईंनी सगळ्या शहराला मैदानावर बोलावलं. सरबत कंपनीनं मैदानाच्या दारातच फुकट सरबताचे गाडे लावले. तरी माणसं त्यांना वळसा घालून आत आली. शांताराम पुढच्याच रांगेत बसले होते.

बाई गायल्या. हजारो घसे एकदम सुकले. एक तरुण ताडकन उठून दाराकडे निघाला; शेजारच्या अनोळखी म्हातारीनं त्याचा हात धरून खाली बसवला. बाई पुन्हा गायल्या. पुन्हा गायल्या. कुणी रडत होतं, कुणी नखं चावत होतं, पण जागचं कुणी हललं नाही.

अखेर शांताराम उठून उभे राहिले. “हेमा! नुसतं गाणं ऐकू आलं गं! नुसतं गाणं!”

मैदान अक्षरशः दणाणलं. अनोळखी माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली. बाहेर गाडेवाले भरल्या बाटल्या टेम्पोत चढवू लागले.

नसीम धावत मंचावर आल्या. “जिंकलात, ताई! पण आता एक शब्दही बोलू नका. मनं अजून मऊ आहेत. आत्ता जे सांगाल, ते या गाण्याला कायमचं बांधलं जाईल.”

तेवढ्यात गर्दीतून कुणीतरी ओरडलं, “ताई, आता काय प्यायचं ते तुम्हीच सांगा!”

हशा पिकला. मग दुसऱ्यानं तेच विचारलं, तिसऱ्यानंही, आणि हसू थांबलं. हजारो चेहरे विश्वासानं त्यांच्याकडे बघत होते.

‘ताक’ हा शब्द हेमलताबाईंच्या ओठांवर आला होता. चांगला, निरुपद्रवी शब्द.

त्यांनी माइक बंद केला.

कुणी उठलं नाही. सगळे वाट बघत होते.