चढता आकडा

ताणयंत्राचे जबडे बहुवारिकाची, म्हणजे पॉलिमरची, निळसर काळी पट्टी सावकाश ओढत होते आणि निशिकांत वाळिंबे आकडे टिपत होता. पट्टी तुटत नव्हती. उलट, ताण वाढेल तशी तिची विद्युत्‌वाहकताही वाढत होती. प्रयोग त्याने चौथ्यांदा केला. उत्तर तेच आले.

अशीच एक पट्टी त्याच्या थोरल्या बहिणीच्या, मृणालताईच्या छातीत होती. तिच्या महाधमनीच्या भिंतीला आलेल्या फुगवट्याभोवती ती पहाऱ्यासारखी गुंडाळलेली होती, आणि तिच्या वाहकतेचा आकडा क्षणोक्षणी त्याच्या पडद्यावर उमटत असे.

त्याने शल्यचिकित्सक डॉ. रुख्साना तांबोळींना फोन लावला. त्या खुशीत होत्या. महिन्याभरात आकडा सहावरून नवावर गेला, फुगवटा ओसरतो आहे, म्हणून आपणच मृणालताईंना पुन्हा मैदानावर जाऊ दिले, असे त्यांनी सांगितले. ताई मिरजेच्या एका शाळेत मुलींना खो-खो शिकवत असे.

"मॅडम, आपली जुन्या प्रकारची पट्टी रेणूंच्या ताठर साखळ्यांची होती," निशिकांत म्हणाला. "ताठर साखळी वीज उत्तम नेते, पण वाकत नाही. धमनी फुगली की पट्टीला तडे जायचे, आकडा उतरायचा. उतरला की धोका आणि चढला की सुधारणा, हा नियम आपण तिच्यावरून बसवला."

"बरं. मग?"

"तडे जाऊ नयेत म्हणून मी साखळीत लवचीक दुवे घातले. ही पट्टी ताणली तरी तडकत नाही. तिच्यातल्या गुंतलेल्या साखळ्या ओढीच्या दिशेनं सरळ होतात, एकमेकींना लागून बसतात. मग वीज जास्तच सहज वाहते."

चाचणीत हे दिसले कसे नाही, असे डॉक्टरांनी विचारले. पट्टी दहा लाख वेळा ताणून पाहिली होती. वाहकता मात्र दर वेळी ताण सोडल्यावरच मोजली, हे सांगताना त्याची मान खाली गेली. ती टिकेल ना, एवढीच काळजी त्याने वाहिली होती. पट्टी आपल्या परीने खरेच सांगत होती. अर्थ उलटा लागला होता तो ऐकणाऱ्यांकडून.

"म्हणजे भिंत महिनाभर फुगतेच आहे," डॉक्टर म्हणाल्या. "मी रुग्णवाहिका पाठवते. तोवर त्यांना जागच्या जागी बसवा. आणि घाबरवू नका. भीतीनं रक्तदाब चढेल, आणि ती भिंत आता तेवढंही सोसणार नाही."

निशिकांत घाबरला की त्याचा आवाज कापे, आणि ताईला ते पहिल्याच शब्दाला कळे. तो क्षणभर डोळे मिटून उभा राहिला. मग त्याने नंबर फिरवला.

"काय शास्त्रज्ञ, भरदुपारी आठवण झाली?" मागे मुलींचा गलका चालला होता.

साधी तपासणी आहे, गाडी न्यायला येतेय, तोवर सावलीत बसून राहा, असे त्याने शक्य तितक्या सहजपणे सांगितले.

"निशी, साध्या तपासणीला न्यायला गाडी कधीपासून येते रे?"

पडद्यावर नऊ पूर्णांक एक होते. ते नऊ पूर्णांक चार झाले.

मुलींना गप्प करत ती कुठेशी टेकल्याचे त्याला ऐकू आले.

"बसले बघ. आणि घाबरलेबिबरले नाही हं मी. दिसतंय ना तुला तिकडे?"

नऊ पूर्णांक आठ.

"हो ताई," तो म्हणाला, "दिसतंय."