अजून वाचून राहिलो

नेपियर टाउनच्या चौकात मी ऑटोत बसले, तर माझं पुस्तक माझ्याआधीच आत बसलेलं. एका अनोळखी माणसाच्या मांडीवर.

माझं म्हणजे तसं या हिंदी मुलखातल्या आमच्या मराठी मंडळाच्या वाचनालयाचं. मराठ्यांच्या नर्मदेपलीकडच्या मोहिमेवरची जाडजूड कादंबरी, मंडळात तिची एकच प्रत, आणि दिवाळीपासून मी तिच्यासाठी नंबर लावून बसले होते. शनिवारी वाचनालयाच्या टेबलाशी मी बसते, बुधवारी विष्णुपंत काका. काका कोणाला कोणतं पुस्तक देतात ते त्यांनाही आठवत नाही. बाकी आठवडाभर मी कोचिंग क्लासमध्ये डॉक्टर व्हायला निघालेल्या पोरांना हिंदीतून जीवशास्त्र शिकवते. म्हणजे माझं डोकं तसंही फिरलेलंच असते.

जानेवारीची थंडी, खड्ड्याखड्ड्यांतून उडणारा ऑटो, आणि हा माणूस ओळीखाली बोट धरून वाचतो आहे. एका पानावर. नेपियर टाउनपासून सराफ्यापर्यंत त्यानं पान उलटलं नाही.

"हे मंडळाचं पुस्तक ना?" मी शेवटी विचारलं. "कधी परत करून राहिले तुम्ही?"

त्यानं वर पाहिलं. डोळे चांगले होते. ते मला लगेच दिसलं, आणि त्याचाही राग आला.

"क्षमस्व," तो म्हणाला. "ग्रंथ अद्याप सिद्धीस गेला नाही."

मला वाटलं, थट्टा करतो आहे. "काय?"

"तो सिद्धीस जाताच आम्ही आपल्या स्वाधीन करू, बाईसाहेब."

ऑटोवाल्यानं आरशातून आमच्याकडे पाहिलं. आणि हाच माणूस पुढच्या वळणावर "भैया, बस यहीं साइड में लगा दो" असं चांगलं सरळ बोलून उतरला, आणि माझं पुस्तक घेऊन गल्लीत चालता झाला.

शनिवारी तो मुदत वाढवून घ्यायला आला, तेव्हा खुलासा झाला. नाव गौरांग. आजोबा अमरावतीहून इथल्या फॅक्टरीत आले, मग वडील तिथंच, आता हा तिथंच तपासणी विभागात. आई सागर गावची, तिकडची, त्यामुळे घरात हिंदी. मराठी सगळ्यांना कळते, बोलत कोणी नाही. गेल्या वर्षी त्याच्या मनानं घेतलं की आपली भाषा आपल्याला यायला पाहिजे. तो विष्णुपंत काकांकडे गेला. काका म्हणाले, वाच, वाचल्यानं येते. आणि त्यांनी त्याला ऐतिहासिक कादंबऱ्यांचं कपाट दाखवलं, कारण तेच काकांच्या खुर्चीला लागून आहे आणि काकांना उठावं लागत नाही.

झालं. चांगला शिकलेला, विजय नगरात राहणारा, स्कूटर चालवणारा मुलगा सुभेदारांकडून मराठी शिकला.

"लोक असं बोलत नाहीत," मी त्याला सांगितलं.

"मग कसे बोलतात?"

"जसे तुमचे बाबा बोलत असतील."

"बाबा बोलतच नाहीत," तो म्हणाला.

त्यानंतर दर शनिवारी तेच. सहा वाजले की स्कूटर, मग हा, मग काखेत ते पुस्तक.

"झालं?"

"मोहीम मोठी आहे."

"मोहीम मोठी नाही, तुम्ही हळू आहात. शेवटी काय होते ते तरी सांगा, माझा जीव तरी सुटेल."

"ते कसे सांगावे? आपला रसभंग होईल." मग टेबलाकडे पाहत हळूच, "आपण फराळ केलात काय?"

"समोसा खाल्ला."

"उत्तम. तरी खव्याची जलेबी घ्यावी, अशी विनंती आहे."

मी चिडायची. आणि त्याच्यासोबत दुकानावर जायची. उभ्या-उभ्या जलेबी खाताना हा दोन्ही हात मागे बांधून, माझं खाणं होईपर्यंत दरबारात उभा राहावा तसा उभा. मी म्हणायची, अहो, खा ना तुम्ही. तो म्हणायचा, आपले होऊ द्या. मी कपाळाला हात लावायची. एकदा जूनच्या शेवटी धो-धो पाऊस आला, तर यानं आपला रेनकोट मला दिला, पुस्तक शर्टाच्या आत घातलं, आणि स्वतः भिजत खिशातल्या रुमालानं स्कूटरची मागची सीट पुसत बसला. पुसली की ओली, पुसली की ओली. मी म्हटलं, काहून पुसून राहिले, पाऊस दिसत नाही का? तर म्हणतो, आपणांस ओल्या आसनावर कसे बसवावे.

मला तो आवडायला लागला होता. सांगूनच टाकते, लपवून काय करायचं. सहाला पाच मिनिटं उशीर झाला की मी खिडकीतून रस्ता पाहायची, आणि तो आला की त्याच पाच मिनिटांसाठी त्याला झापायची. पण त्याच्या मनात काय आहे ते कळायला काही मार्गच नव्हता. जो माणूस समोशालाही "उत्तम" म्हणतो आणि मलाही "आपण उत्तम दिसता" म्हणतो, त्याचं काय धरायचं?

अशात आई मला सराफ्यात घेऊन गेली. बांगड्या नुसत्या पाहायला, असं म्हणून. आई नुसतं काही पाहत नाही, हे मला माहीत आहे.

"नागपूरचा मुलगा आहे," तिनं दुकानाच्या पायरीवर सांगितलं. "सौमित्र. सॉफ्टवेअरमध्ये आहे. वाचणारा आहे, अवंती. तुझीच अट होती ना, वाचणारा पाहिजे म्हणून? आता काही बोलू नको."

सौमित्रचा फोन आला. आवाज चांगला, बोलणं साफ.

"या वर्षी आतापर्यंत किती झाली तुझी?" त्यानं विचारलं.

"काय किती?"

"पुस्तकं."

तो जिममध्ये पुस्तकांचे सारांश ऐकतो, दुप्पट वेगानं. त्याची यादी ऐकता-ऐकता माझा चहा थंड झाला. मी विचारलं, आवडलं कोणतं? तो म्हणाला, "तशी सगळी ठीक होती." माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर माझं काम सोपं झालं असतं.

आईनं दिवसही असा साधला की बोलायची सोय नाही. आमच्या मंडळात जुलैतल्या एका रविवारी सहामाही वाचन असते. वर्षभरात आतापर्यंत वाचलेलं सगळ्यात आवडतं पुस्तक घेऊन यायचं, पाच मिनिटं बोलायचं, आणि मग सगळ्यांसमोर ते कोणा एकाच्या हातात द्यायचं. ज्याला मिळालं त्यानं ते वाचायचंच, नाही म्हणता येत नाही. कोण कोणाला देतो याकडे काकू लोकांचं पुस्तकापेक्षा जास्त लक्ष असते. मंडळातली काही लग्नं त्याच्यातूनच जुळली, असं त्या सांगतात.

"सौमित्र अन् त्याचे आई-बाबा कार्यक्रमालाच येऊन राहिले," आई म्हणाली. "पाहणंही होऊन जाईल. संध्याकाळी त्यांना हो की नाही सांगायचं. अन् नाही म्हणशील तर मला कारण दे. धड कारण."

धड कारण माझ्याकडे नव्हतं. माझ्याकडे एक सुभेदार होता, आणि तोही बोलत नव्हता.

आदल्या दिवशी, शनिवारी, मी त्याला वाचनालयाच्या पायऱ्यांवर थांबवलं.

"उद्या नागपूरहून मला पाहायला येऊन राहिले," मी म्हटलं. "संध्याकाळी हो की नाही सांगायचं आहे."

त्याचा चेहरा उतरला. अगदी स्पष्ट उतरला, मी पाहिलं. त्यानं पुस्तक या हातातून त्या हातात घेतलं. मी थांबले. समोरून एक गाय गेली, दोन ऑटो गेले… मी थांबलेली.

"आपले मंगल होवो," तो म्हणाला.

"अजून काही?"

"वर सुयोग्य असावा, ही… ही प्रार्थना."

"गौरांग," मी म्हटलं, "तुम्हाला स्वतःचं काही बोलता येते का? सुभेदाराचं नाही. तुमचं. एक वाक्य. तुटकं-फुटकं चालेल."

त्यानं तोंड उघडलं. "आम्हांस…"

"आम्हांस नाही."

तो मान खाली घालून पायऱ्या उतरला, स्कूटरला किक मारली, आणि गेला. मी आत जाऊन कपाटांच्या मागे थोडी रडले. रागानंच रडले, पण रडले.

रविवारी हॉल भरलेला. पंखे फिरून राहिलेले, बाहेर पाऊस, आणि पहिल्या रांगेत आई जरीची साडी नेसून बसलेली, तिच्या शेजारी मी. गौरांग सगळ्यात मागे, भिंतीला टेकून. सौमित्र पाहुणा म्हणून त्याला पहिला मान. तो छान बोलला, पाच मिनिटांत कितीतरी पुस्तकं सांगितली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग त्यानं वेळ वाचवायचं एक इंग्रजी पुस्तक आणून माझ्या हातात दिलं. काकू लोकांनी एकमेकींकडे पाहिलं. आईनं पदर नीट केला.

"पुढचा कोण?" विष्णुपंत काका म्हणाले. आणि मागून गौरांग उठला.

मी डोळे मिटले. म्हटलं, आता हा सगळ्यांसमोर मुजरा करणार.

"नमस्कार जी," तो म्हणाला. मी डोळे उघडले. "मला मराठी नीट नाही येत. पुस्तकातली येते, पण ती पाठ केलेली आहे. तर आज तुमची ऐकून-ऐकून जशी येते तशी बोलतो. गलती झाली तर सांभाळून घ्या."

काका म्हणाले, बोल बोल.

"या साली मी एकच पुस्तक वाचलं. म्हणजे अजून वाचून राहिलो. शेवटचा एक धडा बाकी आहे. मार्चपासून बाकी आहे."

लोक हसले. "काहून बा?" काकांनी विचारलं. "एका धड्याला इतके दिवस?"

"काहून की संपलं तर वापस करावं लागते." तो म्हणाला. "अन् वापस केलं, तर शनिवारी यायचा काही बहाना नाही राहत."

तो खुर्च्यांमधून वाट काढत माझ्यापर्यंत आला. शर्टाच्या कॉलरपर्यंत घाम.

"हे तुमचं," तो म्हणाला. "जानेवारीपासून मागून राहिल्या तुम्ही, मी खूप परेशान केलं. पुस्तक चांगलं आहे. पण मला शनिवार आवडते. अन् मला तुम्ही आवडता. हे कोणत्या पुस्तकातलं नाही, मीच बोलून राहिलो."

आधी सांगते, मला राग आला. वाचनालय होतं, जलेबीचं दुकान होतं, काल रिकाम्या पायऱ्या होत्या. आणि या माणसाला बोलायला सापडलं कुठे, तर माझी आई, नागपूरचे पाहुणे आणि सगळ्या मंडळाच्या समोर. पण रागासोबत छातीत जे काही होऊन राहिलं होतं, त्याला राग म्हणत नाहीत, इतकं जीवशास्त्र मला येते.

"पुढचं कोण?" काकांनी विचारलं, आणि पुढची मीच होते.

उभी राहिले तर हातात तीन पुस्तकं. सौमित्रचं, गौरांगचं, आणि माझं, जे मी बोलायला आणलं होतं, एक पातळसा कथासंग्रह.

"आधी एक सांगते," मी सौमित्रकडे वळून म्हटलं. "तुमचं पुस्तक मी वाचेन, तो नियमच आहे. पण माझं उत्तर नाही आहे. तुम्हाला संध्याकाळपर्यंत ताटकळत ठेवणं बरं नाही."

सौमित्रनं माझ्याकडे पाहिलं, मग गौरांगकडे. "ठीक आहे," तो म्हणाला. "इतकं ऐकलं या वर्षी, पण असं कशात नव्हतं." चांगला माणूस. खरंच चांगला माणूस.

आईनं खालूनच माझ्या साडीचा काठ ओढला. "अवंती. धड कारण सांग म्हटलं होतं मी."

"तेच सांगून राहिली, आई." मग मी गौरांगकडे वळले, तो अजून तिथंच अडकल्यासारखा उभा. "मार्चपासून? मार्चपासून एक धडा उरवून बसले तुम्ही, अन् मी इथं दर शनिवारी घड्याळ पाहून-पाहून वेडी व्हायची वेळ आली. विचारता येत नव्हतं? हिंदीत विचारायचं. खुणा करून विचारायचं. मलाही तुम्ही आवडता, कळलं? किती दिवसांपासून आवडता. आता बसा."

तो बसला. पहिल्या रिकाम्या खुर्चीवर, म्हणजे नेमका माझ्या आईच्या शेजारी. आईनं त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि मागच्या काकूला विचारलं, "याला मराठी तरी येते का?"

"आता तर बोलला," काकू म्हणाली. "चांगली येते."

मी पुस्तकावर बोलायला सुरुवात केली. लेखिकेचं नाव सांगितलं, आणि पुढे एक अक्षर आठवेना. गोष्टी कशाच्या होत्या, किती होत्या, मला त्या का आवडल्या होत्या, सगळं साफ. पोरांना कोचिंगमध्ये तासन् तास शिकवणारी मी तिथं नुसती उभी.

"जाऊ दे, पोरी," विष्णुपंत काका म्हणाले. "कोणाला देते तेवढं सांग."

मी पुढे होऊन ते गौरांगच्या हातात दिलं. आईच्या देखत. त्यानं दोन्ही हातांनी धरलं आणि वर पाहिलं.

"पातळ आहे," मी म्हटलं. "आरामात वाच."