सीट तीन बोटं खाली

सेहेचाळीसच्या दिवाळीनंतर मी नवी कोरी सायकल घेतली. कडेगावच्या शाळेत गणित शिकवत होतो आणि घर अडीच कोसांवर. सायकलवाल्या कोंडीबानं मला सीटवर बसवलं, टाच पायडलवर टेकवायला लावली आणि पाय अगदी सरळ होईल इतकी सीट वर घेतली. दांडीवर कानशीनं खूण केली. "आता बगा गुरुजी, म्हसवडला जाऊन आला तरी मांड्या दुखायच्या न्हाईत."

आठ दिवस मजेत गेले. मग टाच पोचेना. चवडे ताणून पायडल मारावं लागे, जांघा सोलवटल्या. कोंडीबानं पाहिलं, तर खूण जागच्या जागी.

"नवं कातडं दबतं गुरुजी, शीट खाली जाती. वर कशी जाईल?" असं म्हणत त्यानं ती बोटभर खाली घेतली.

पुढच्या सोमवारी तेच. त्याच्या पुढच्या सोमवारीही तेच. तिसरं बोट खाली घेताना तो सहज म्हणाला, "जरा धोतर आखूड नेसा. टाचंखाली लोळतंय." मी कानापर्यंत लाल झालो.

तीन बोटं. हे माप मला चांगलं ठाऊक होतं. बेचाळीस साली मी आणि माझा दोस्त मानसिंग साताऱ्याला फौजेच्या भरतीसाठी गेलो होतो; मनातून जायचं त्याला होतं, मला नव्हतं. दोघांची उंची एकच. धोतर सोडायला लावतील ही धास्ती होती, पण गर्दी फार, कुणी लावलं नाही. मापाच्या दांडीखाली मी धोतराच्या आत गुडघे वाकवले. तीन बोटं कमी भरलो आणि सुटलो. शेजारी उभ्या मानसिंगनं ते पाहिलं, पण तोंडातून अक्षर काढलं नाही. दोन वर्षांनी तो इटलीत मेला.

त्याची आई रंगुबाई माझ्या वाटेवरच राहायची. दिसलो की म्हणायची, "उंचीनं वाचलास रं लेकरा. माज्याला बी देवानं बुटका करायला पायजे हुता." दोन वर्षं मी यावर नुसती मान हलवत होतो. स्वतःची इतकी लाज मला दुसऱ्या कशानंच वाटली नाही.

त्या शनिवारी तिच्या दारात सायकल लावली आणि सगळं सांगून टाकलं. ती शिव्या देईल, हाकलून देईल, तर बरंच होईल असं वाटत होतं.

तिचं सूप थांबलं नाही. "म्हातारीला कुनावर तरी रागवाया मिळावं म्हनून खोटं बोलतूस व्हय?"

"खोटं न्हाई, मावशी. जायच्या आदल्या दिशी मानसिंगनं ह्याच चौकटीवर आमच्या उंचीच्या रेघा वढल्यात. एकाला एक लागून, सारख्याच उंचीवर."

मी चौकटीपाशी गेलो.

मानसिंगची रेघ होती. माझी तिच्याखाली, तीन बोटांवर. दोन्ही धुरानं सारख्याच काळ्या पडलेल्या.

पाठ टेकवून ताठ उभा राहिलो. हात वर नेऊन चाचपलं. खालची रेघ बरोबर टाळूशी आली.

"तू त्याच्यापरास बुटकाच हुतास," रंगुबाई म्हणाली.

"मावशी, मी गुडघं वाकवलं हुतं."

ती उठून जवळ आली. तिला अंधुकच दिसायचं. धोतरावरून तिनं माझे दोन्ही गुडघे सावकाश चाचपले.

"सरळच हायत की रं," ती म्हणाली.