मिटेना ते अवतरणचिन्ह

मार्लिस कांगासने वेलचीचा गोड फिनिश निसू पाव कॉफीत बुडवला, तोंडात टाकला आणि नुकतंच छापून आलेलं पान दिव्यापाशी धरलं. बंद करणारं अवतरणचिन्ह पुन्हा गायब होतं.

बाहेर हॅन्कॉक गावावर सकाळपासून सरोवरावरून येणारा बर्फ कोसळत होता. इतिहास मंडळाच्या कचेरीत ती आणि चिटणीस डेल ट्रेव्हॅरो, दोघंच होती. तांब्याच्या खाणीतल्या कामगारांच्या आठवणींचं पुस्तक आज छापखान्याला पाठवायचं होतं आणि सगळं घोडं या एका चिन्हापाशी अडलं होतं.

"दोन्हीकडे तीच कळ दाबली असशील," डेल दारातून म्हणाला. "नवशिके दाबतात तशी."

"तू शाळेत नाक पुसत होतास, तेव्हापासून मी पानं जुळवतेय. कळ मला शिकवू नकोस."

पानं जुळवायच्या तिच्या संगणक प्रणालीत सगळा मजकूर साधा लिहायचा असतो. उघडणाऱ्या चिन्हाची कळ वेगळी, बंद करणाऱ्याची वेगळी. दोन्ही तिने बरोबर दाबल्या होत्या. पडद्यावरच्या मजकुरात दोन्ही दिसत होती, पानावर मात्र एकच उमटत होतं. तिने फॉन्ट बदलून पाहिला. सगळी अक्षरं बदलली, पण ते उघडणारं चिन्ह होतं तसंच राहिलं. त्याच्या शेपटीचा टवका उडालेला होता. संगणकातल्या अक्षराचा टवका कसा उडेल? पानात कोणकोणते फॉन्ट वापरलेत ते तिने तपासलं. तिने निवडलेला होता, आणि आणखी एक होता. त्याला नावच नव्हतं.

मजकूर आर्वो लाहटीचा होता. आर्वोला जाऊन कित्येक वर्षं झाली, पण त्याचा आवाज टेपवर होता. खाण कोसळली, आर्वो आणि काही जण वर आले. खालून ठोकण्याचा आवाज येत होता, आणि तो येत असतानाच मुकादमाने खाणीचं तोंड बुजवायला लावलं, असं त्याने सांगून ठेवलं होतं. त्या मुकादमाचे नातू आता पुस्तकाचा खर्च देत होते. "'आम्ही वर आलो' इथं त्याला थांबव," डेलने काल सांगितलं होतं. मार्लिसने मूग गिळले होते आणि पुढचं सगळं उडवलं होतं. खाली राहिलेल्यांत तिचे आजोबा होते, आइनो. काल रात्री तिला स्वतःची इतकी लाज वाटली होती की जेवण गेलं नव्हतं.

तिने पान पुन्हा छापलं. 'आम्ही वर आलो', आणि बंद करणारं चिन्ह नाही. त्याखाली कोऱ्या जागेत, नव्या परिच्छेदाच्या सुरुवातीला, उघडणारं चिन्ह आलं होतं. तिने ते टाइप केलं नव्हतं. एकाच माणसाचं बोलणं पुढच्या परिच्छेदात चालू राहिलं, की आधीच्या परिच्छेदाच्या शेवटी बंद करणारं चिन्ह देत नाहीत, नव्याच्या सुरुवातीला मात्र चिन्ह पुन्हा उघडतात. छपाईतली जुनी रीत आहे ही. माणूस अजून बोलतोय, एवढाच तिचा अर्थ.

"झाक ते आणि पाठवून दे," डेल म्हणाला.

"नाही झाकणार. त्याचं बोलणं मी परत घालतेय. सगळं."

"मग उद्यापासून येऊ नकोस."

"नाही येत, जा. आज तर आहे ना मी इथे?"

तिने आर्वोचा शब्द न् शब्द परत घातला, मुकादमाच्या नावासकट. पान छापलं. शेवटच्या शब्दापुढे बंद करणारं चिन्ह उमटलं, टवका उडालेलं, पण ठळक. तिच्या जिवात जीव आला.

यंत्र थांबलं नाही.

पुढचं पान कोरं निघालं. त्यावर एक उघडणारं चिन्ह होतं. खाली जागा सोडून दुसरं. मग तिसरं.

खाली जितकी माणसं राहिली, तितकी.

डेलचा चेहरा उतरला. "काढ ती."

"तू काढ."

त्याने काढली. पुन्हा छापलं. ती होती तिथेच होती. त्याने कोट उचलला आणि बर्फात निघून गेला.

मार्लिसने पुस्तक तसंच पाठवलं. थोड्या वेळाने छापखान्यातून फोन आला. "बाई, शेवटी पान कोरं राहिलंय. नुसती चिन्हं आहेत. चुकलंय का काही?"

"चुकलं नाही. जागा सोडलीय त्यांच्यासाठी. एक ओळसुद्धा कमी करू नका."

ती कोट घ्यायला दाराशी गेली. तिथे भिंतीवर काचेची पेटी होती. गावातल्या जुन्या वर्तमानपत्राचे शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, तिच्यात ठेवले होते. आर्वोची हकिगत छापायला घेतली, त्याच दिवशी खाणीच्या कंपनीने ते वर्तमानपत्र बंद पाडलं होतं. पेटीचं कुलूप गंजून गेलं होतं, खिळ्यांवर धूळ होती.

अवतरणचिन्हाच्या खिळ्यावर धूळ नव्हती. त्याच्या शेपटीचा टवका उडालेला होता आणि त्यावर काळी शाई ओली चमकत होती.

तिने कोट परत खुंटीला लावला, खुर्ची ओढून पेटीसमोर बसली. "सांगा, आजोबा," ती मोठ्याने म्हणाली. "आता कोणी अडवणार नाही."

धुळीतल्या खिळ्यांपैकी आणखी एक ओला होत होता. आइनोचं पहिलं अक्षर.